भोंग्यानंतरचा डाव

आमच्या शाळेत खेळाचे पाच संघ आहेत आणि खेळाचा शिक्षक एक. तो मी, नवनाथ गांगुर्डे. सातपूरच्या कारखान्यांना लागूनच शाळा आहे, आणि गांगुर्डे सर ओरडले की आतल्या मशिनी बंद पडतात, असं मुलं म्हणतात. मी ऐकून न ऐकल्यासारखं करतो, पण मनातून बरं वाटतं.

मुलांच्या संघांकडून यंदा फार आशा ठेवण्यात अर्थ नाही, हे मला जूनमध्येच कळून चुकलं. क्रिकेटवाल्यांना हेल्मेट घालून फोटो काढायची घाई. कबड्डीवाले भरपेट पोहे हाणून सरावाला यायचे आणि दोन चढायांत कंबरेवर हात ठेवून उभे राहायचे. माझी सगळी भिस्त होती मुलींच्या खो-खोवर, आणि त्या संघाची भिस्त पायलवर. पायल दहावीतली, कप्तान, हडकुळी आणि बोलायला महाकंजूस. पण पाठलागाला उठली की समोरच्या मुलीला कळायच्या आत तिच्या पाठीवर थाप पडलेली असायची. शाळेतलं तिचं हे शेवटचं वर्ष होतं आणि यंदा शहराचा चषक आणायचाच, असं तिनं मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

सराव सकाळी सहाला. सातला कारखान्याचा भोंगा व्हायचा. त्याच वेळी पायलची आई लताबाई पहिल्या पाळीला आत शिरायची आणि घरी नळाला पाणी यायचं, तेही जेमतेम अर्धा तास, आणि ते भरायचं पायलनं. बहुतेक मुलींच्या घरी हीच गत. जुलैत मी एकदा सराव लांबवला, तर दुसऱ्या दिवशी चार आया फाटकाशी हजर. तेव्हापासून मी नियमच केला. भोंगा झाला की खेळ जिथल्या तिथे थांबवायचा. कोणी धावत असो, कोणी खो देत असो, सगळ्यांनी उठायचं. मी खुर्चीवरून उठून सामानाची पिशवी उचलायची आणि मुलींनी घरचा रस्ता धरायचा. याला शिस्त म्हणतात, असं मी शिक्षकांच्या खोलीत मिरवत असे.

सप्टेंबरात शहराच्या स्पर्धा झाल्या. क्रिकेटवाले पहिल्याच फेरीत घरी आले, कबड्डीवाले दुसऱ्या फेरीत. मुली मात्र अंतिम सामन्यात पोचल्या. सामना सातपूरच्याच मैदानावर, दुपारचा. शेवटच्या डावात पाठलाग आमचा होता. आम्ही एका गुणाने मागे होतो आणि दीड मिनिट उरलं होतं. पायल धावत होती, आमच्या बाकीच्या आठ जणी आपापल्या चौकात बसलेल्या. समोरची मुलगी दमली होती. पायलचा हात तिच्या पाठीपासून वीतभर राहिला होता. ती बाद झाली असती तर बरोबरी, आणि पुढे जिंकायलाही वेळ होता.

तेवढ्यात पाळी बदलण्याचा तीनचा भोंगा झाला. पायल थांबली. नुसती थांबली नाही, सरळ उभी राहिली. बसलेल्या आठही जणी उठून कपडे झटकू लागल्या. पंचांनाही काय चाललंय ते कळेना. मुली भानावर येऊन परत बसेपर्यंत समोरची मुलगी पार दुसऱ्या खांबापाशी पोचली होती. आम्ही एका गुणाने हरलो.

मग मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. सगळ्या मैदानासमोर मी पायलला झाडलं. "अक्कल गहाण टाकलीस का? सामना चालू असताना उभी राहतेस? सगळ्यांची मेहनत मातीत घातलीस!" ती खाली मान घालून ऐकत राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती सरावाला आली नाही. मीही बोलावलं नाही. नसेल यायचं तर राहिलं, असं म्हणून मी दोन महिने फुगून बसलो.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर मराठी शिकवणाऱ्या योगिनी मॅडम माझ्यापुढे आपला मोबाईल घेऊन आल्या. अंतिम सामन्याचं त्यांनी चित्रण केलं होतं.

"गांगुर्डे सर, हे जरा बघा. पायलकडे नका बघू. मागे खुर्चीकडे बघा."

मी बघितलं. पायल धावतेय. भोंगा सुरू होतो. आणि खांबामागच्या खुर्चीवरून निळ्या टी-शर्टातला एक पोट सुटलेला माणूस उठतो, वाकतो आणि पिशवी खांद्याला लावतो. पायल त्याच दिशेला धावत होती. तिची नजर त्या माणसावर जाते आणि मगच तिचे पाय थांबतात. सगळ्यांत आधी मी उठलो होतो.

"हे तुम्ही मला तेव्हाच का नाही दाखवलं?" मी विचारलं.

"तुम्ही तेव्हा कोणाचं ऐकून घेत होतात का?" मॅडम म्हणाल्या आणि तासाला निघून गेल्या.

त्या दिवशी मी एकाही मुलावर ओरडलो नाही. सर आजारी आहेत अशी शाळेत बातमी पसरली.

संध्याकाळी पायलच्या घरी गेलो. लताबाई पाळीवरून कधीच घरी आली होती. तिनं मला बसायला खुर्ची दिली, पण चेहरा काही सैल सोडला नाही. "सर, पोरगी लय मनाला लावून घेती. दोन महिने झालं, धड जेवत नाय. आपल्यामुळं सगळ्या हरल्या, हेच डोक्यात धरून बसली हाय."

"ताई, तिच्यामुळे नाही हरलो. माझ्यामुळे हरलो," मी म्हणालो. पायल आतल्या दारात पुस्तक घेऊन उभी होती. "पायल, चूक माझी होती. मी आधी उठलो."

"मला माहीत आहे, सर. तुम्ही पिशवी उचललीत, म्हणून मला वाटलं, संपलं."

"मग त्याच वेळी तोंडावर का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ओरडत होतात."

मुलांना घाबरवण्यात मी इतकी वर्षं मोठेपणा मानला होता. त्याची ही फळं होती. मी तिची माफी मागितली. आणि झाडलं चारचौघांत होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेसमोर, परिपाठाला उभं राहून परत मागितली. मुलींना ते चित्रणही दाखवलं. माझं पोट बघून त्या खी खी हसल्या, आणि पायलही हसली.

पण संध्याकाळी मी पुन्हा तिच्या घरी गेलो, तेव्हा परत यायला तिनं दोन अटी घातल्या. एक म्हणजे सराव भोंग्यानंतरही दहा मिनिटं चालू ठेवायचा. नळाचं काय, म्हणून मी लताबाईकडे बघितलं, तर ती म्हणाली, "शेजारच्या मंगलाबाई भरतील माझं पाणी. बाकीच्या आयांशी मी बोलते."

दुसरी अट अवघड होती. संक्रांतीनंतरच्या शनिवारी इथल्या कामगार मंडळाच्या शालेय स्पर्धा असतात. त्यातून ना दहावीचे गुण मिळतात, ना मोठा चषक. पायल म्हणाली, "सर, आपण फायनलला गेलो तर ती सव्वादोनला सुरू करायला सांगा. म्हणजे शेवटच्या डावात भोंगा होईल. मला तो वाजत असताना धावायचंय."

मंडळाचे पुंजाराम फिटर माझं म्हणणं ऐकून बघतच राहिले. "गुरुजी, लग्न लावायचंय का सामना? मुहूर्त कशाला पाहिजे?" मी त्यांना सगळं सांगितलं. ते गंभीर झाले आणि वेळापत्रकावर त्यांनी सव्वादोन असं ठळक लिहिलं.

डिसेंबरच्या थंडीत रोज सातला भोंगा व्हायचा आणि मुली खेळत राहायच्या. पहिल्या आठवड्यात दोघी-तिघी हटकून अर्ध्या उठायच्या. मग त्याही बसायला शिकल्या. मी मात्र त्या दहा मिनिटांत उभाच असायचो, शिट्टी घेऊन, कोण उठतंय ते बघत.

शनिवारी आम्ही खरंच अंतिम सामन्यात होतो. समोर तोच सप्टेंबरचा संघ. शेवटचा डाव, पाठलाग आमचा. जिंकायला एकच गुण हवा आणि बरोबर तीनला मिनिटभर कमी असताना मैदानावर आली तीही तीच मुलगी. ती आता दमेना. पायलनं खो घेतला आणि तिच्या मागे लागली. दुपारच्या पाळीचे लोक डबे हातात धरून कुंपणाशी थांबले होते, त्यांत पुंजारामही होते.

भोंगा झाला. आठही चौकांत कोणी हललं नाही. पायलचे पाय थांबले नाहीत. ती खांबाला वळसा घालून माझ्याच दिशेनं आली, अगदी समोर, आणि धावता धावताच माझ्यावर ओरडली, "सर, खाली बसा!"

तेव्हा कुठे मला कळलं. मी उभा होतो आणि पिशवी माझ्या खांद्याला होती.

मी बसलो. तिनं हात लांबवला आणि त्या मुलीच्या पाठीवर थाप मारली.