कोंड्याची वाट

दुर्पताबाईंनी चप्पल काढून उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं आणि तिथंच थांबल्या. पायाखाली गार, गुळगुळीत काहीतरी होतं. पाऊल डावीकडे सरकवलं, मग उजवीकडे. सगळीकडे सारखंच.

"भूपेंद्र, हे कोनाचं घर हाये रे?"

"तुहंच, माय! तुमी दोघी गोंदियाले दाक्तरले डोरे दाखवाले गेल्या, तवरच टाइल्स लावून घेतल्या. पाह्य कशी चकाचक!"

"चकाचक मले दिसते का, बापू?"

कडेवर लहानग्या लेकीला, आचलला घेऊन मागं उभ्या असलेल्या सून प्राचीला सासू का थबकली ते नवऱ्याआधी कळलं.

काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर त्याच उन्हाळ्यात दुर्पताबाईंनी माती कालवली होती. दारापासून चुलीपर्यंत आणि तिथून मागच्या बोरिंगपर्यंत एक पट्टा त्यांनी धानाचा कोंडा घालून खरबरीत सारवला. बाकीची जमीन मऊ ठेवली. दुपारी डोळ्यांवर पदर बांधून त्या पट्ट्यावरून चालायच्या. शेजारच्या सुशिलाबाई हसायच्या, "काऊन वं, म्हातारपनी आंधळी कोशिंबीर खेळून राहिली का?"

"डोरे हायेत तवरच शिकून घेतो. मंग कोन शिकवन?"

नवेगावचं हे घर सोडायचं नव्हतं त्यांना. भूपेंद्रचं मात्र ठरलेलं होतं: माय एकदा जरी पडली, तर कुडव्याला आपल्या घरी न्यायची. त्या पट्ट्याला तो आजवर बिघडलेलं सारवणच समजत होता.

"त्या खडबडीत जमिनीत ठेचकाळली असती तू," तो म्हणाला. "तुह्याचसाठी केलं."

"त्याच खरबरीत पट्ट्यानं पायाले वाट समजे. त्याच्याच भरवशावर उभी होतो मी."

भूपेंद्र चिडला. "मंग चाल कुडव्याले! तिथं प्राची हाये."

"तिथं बी टाइल्सच हायेत," प्राची हळूच म्हणाली. "जलमभर माझा हात धरूनच फिरतीन का त्या?"

टाइल्स बसवून हात धुता धुता नंदलाल मिस्त्री खाकरला. "दादा, टाइल्सखालचा मसाला ओलाच हाये. पट्टाभर काढाच्या असतीन त आत्ता सांगा. उद्या निघनार नाई."

भूपेंद्रनं आईच्या पायांकडे पाहिलं. नवी टाइल धरू पाहणारी तिची बोटं आखडली होती.

"काढ," तो म्हणाला.

तोच मग राइस मिलमधून गाडीवर कोंड्याचं पोतं घेऊन आला. त्यानं चिखल तुडवला, दुर्पताबाईंनी सारवलं. चुलीजवळच्या वळणाशी त्या पोचल्या आणि नुकतीच चालायला लागलेली आचल प्राचीच्या हातून निसटली. एक पाऊल थेट ओल्या चिखलात!

"अवं पोट्टे!" भूपेंद्र ठसा पुसायला वाकला. त्याच्याआधी दुर्पताबाईंचा हात तिथं पोचला. त्यांनी टाच चाचपली, मग एकेक बोट.

"राहू दे. इथूनच वळा लागते मले."

पुढच्या रविवारी भूपेंद्र आला तेव्हा पट्टा वाळला होता. उरलीसुरली अंधुक नजरही झाकत दुर्पताबाईंनी डोळ्यांवर पदर बांधला आणि निघाल्या. दोन्ही हात पुढं करून तो मागोमाग. चुलीजवळ त्यांच्या पायाचा अंगठा आचलच्या पावलाच्या इवल्या खळग्यात टेकला. त्या थांबल्या, स्वतःशीच हसल्या आणि वळल्या.

भूपेंद्रनं हात खाली घेतले.

"चहा घेशीन ना?" पाठमोऱ्या त्यांनीच विचारलं.