जमिनीवरचा पायलट

"काका, इमानाशिवाय पायलट म्हणल्यावर लोक हसतील की!" स्मारक समितीचा अध्यक्ष संगमेश चित्रावर बोट ठेवत म्हणाला. मुदखेडच्या चौकात फायबरचं लढाऊ विमान आणि त्यात बसलेला दिगंबर, असं ठरूनही गेलं होतं. त्याच्या बापाला, शेषेरावांना, फक्त चहाला बोलावलं होतं.

"पर तो इमानात नव्हताच ना त्या दिवशी," शेषेराव म्हणाले. "कारगिलला डोंगरावर उभा व्हता, पायदळासंगं. हातात वायरलेस. बाँब कुठं टाकायचा ते वरच्या इमानांला सांगून राहिला व्हता. त्याच्यासाठीच तर वीरचक्र भेटलं त्याला."

"म्हंजे खाली उतरवलं व्हतं का त्याला? काही चूकबीक?"

शेषेरावांचं डोकं सणकलं. पंचवीस वर्षं गावाने हेच आडून आडून विचारलं होतं, आज तोंडावर विचारलं. या कामाला मुद्दाम वैमानिकच पाठवतात, कारण वरून जमीन कशी दिसते हे त्यालाच ठाऊक असतं. किती जणांना सांगितलं असेल त्यांनी! पण ऐकायला वेळ कुणाला होता?

त्यांना स्वतःला मात्र ते लगेच समजलं होतं. अख्खी नोकरी त्यांनी मुदखेड जंक्शनवर पॉइंट्समन म्हणून काढली. रूळ बदलायचे, झेंडी दाखवायची. गाडी दिमाखात निघून जायची आणि नाव ड्रायव्हरचं व्हायचं. लढाईवर निघताना दिगंबर फोनवर म्हणाला होता, "बाबा, आता मी तुमचंच काम करायलोय. खाली उभं राहायचं आन् दुसऱ्यायला वाट दाखवायची." पहिला बाँब चुकला तेव्हा नेमकी जागा बघायला तो आडोसा सोडून पुढे गेला. दुसरा बाँब बरोबर पडला, आणि त्याच वेळी त्याला गोळी लागली.

पदकाच्या कागदावर हे सगळं होतं. शेषेरावांनी तो कागद पुढे सरकवला. संगमेशने मोबाईलवर त्याचा फोटो काढला आणि "बघतो की" म्हणाला.

अनावरणाच्या दिवशी पाटीवर लिहिलेलं होतं, 'शत्रूवर विमानातून तुटून पडताना वीरमरण.' शेषेरावांच्या खांद्यावर सत्काराची शाल पडली आणि त्यांनी थेट माइकच धरला.

"पाटी खोटी हाय. माझा लेक इमानात नव्हता. जिमिनीवर उभा व्हता, गोळ्या चालू असताना."

मागून कुणीतरी म्हणालं, "इमानातच नव्हता? मंग चक्र कशाचं दिलं?" लोक खदखदून हसले. संगमेशने हसतहसतच माइक काढून घेतला, काकांचं वय झालंय म्हणाला आणि गाणं लावायला सांगितलं. इतकी वर्षं गाव निदान शंकेवर थांबलं होतं. आता बापाच्याच तोंडून त्याला हवं ते मिळालं. मंचाच्या पायऱ्या उतरताना शेषेरावांना स्वतःची जीभ हासडून टाकावीशी वाटली.

लेकाला ओवाळायचं म्हणून दिगंबरच्या आईला, विठाबाईला, तबक घेऊन शिडीवर चढवलं होतं. पुतळ्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं, डोळ्यांवर काळी काच, नाकातोंडावर मास्क. तिचा हात तसाच वर राहिला.

"आवो, ह्याचं कपाळ कुठं हाय?" तिने वरून विचारलं.

मग तिने कुंकवाचं बोट विमानाच्या फायबरलाच पुसलं. खाली टाळ्या पडल्या.