माथ्यावरची शून्यं

पायथ्यापासून माथ्यापर्यंत सहा ठाणी आणि प्रत्येक ठाण्यावर पत्र्याचे वीस पिंजरे. डोंगरातल्या जंगलात कुठल्या उंचीवर उंदीर-चिचुंद्र्यांच्या किती जाती राहतात, ते मोजायचं होतं. आमच्या संशोधकाने पाच ठाणी इमानेइतबारे केली. सहाव्याला गुडघ्यांनी हात टेकले. माथ्यावर पिंजरे लावून स्वारी खालच्या तंबूत आली, ती तीन दिवस पांघरुणातच. रोज सकाळी वर जाऊन पिंजरे बघायचे सोडून त्याने वहीत शून्यं लिहिली. माथ्यावर जाती कमीच असणार, कोण विचारतंय! चौथ्या दिवशी ओझी वाहणाऱ्या मामांना त्याने वर पाठवलं. "रिकामेच आहेत, भरा पोत्यात," असं सांगून.

आठवड्याने प्रयोगशाळेतल्या कामवाल्या मावशी पिंजरे धुवायला बसल्या. माथ्यावरच्या चार पिंजऱ्यांतून चार वाळलेल्या चिचुंद्र्या निघाल्या. आमिषाची गोळी चाटूनपुसून संपवलेली, उबेसाठी ठेवलेला कापूस ओढून त्याचं अंथरूण केलेलं. मावशींनी त्या वर्तमानपत्रावर ओळीने ठेवल्या.

"मामांनी रोज सकाळी वर जाऊन बघितलंच नाही वाटतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही एवढे जपणारे, आणि माणूस असला मिळाला तुम्हाला."

त्याचे कान तापले. तरी त्याने डोकं वहीत खुपसलं. डोंगरात त्याची स्वतःची पिशवीसुद्धा मामांनीच वाहिली होती.

तेवढ्यात त्याच्या मार्गदर्शक मॅडम आल्या. मावशींनी सगळं सांगितलं.

"उपाशी मारलं?" मॅडमचा आवाज चढला. "मामांना पुढच्या हंगामापासून बोलवायचं नाही. आत्ताच सांगते." त्यांनी फोन काढला.

"मॅडम, थांबा." त्याला स्वतःचाच आवाज परका वाटला. "वर मी गेलोच नाही. तिन्ही दिवस. मामांना मीच सांगितलं, रिकामे आहेत म्हणून."

मॅडमनी फोन खाली ठेवला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मावशींकडे बघायची तर त्याची छातीच झाली नाही. आजवर ज्या कौतुकाने त्या त्याला चहा आणून देत, ते आता मेल्याहून मेल्यासारखं करत होतं.

मावशींनी हात पुसले, कपाटातून चार चिठ्ठ्या काढून त्याच्यापुढे ठेवल्या. प्रत्येक नमुन्याला बांधायच्या असतात तसल्या. ठाणं, उंची, तारीख त्याने भरली. शेवटचा रकाना होता, 'कोणी पकडलं'.

त्याने चारही चिठ्ठ्यांवर स्वतःचं नाव लिहिलं.