नव्या कार्डांचा दिवस

बबडीचे वडील क्रेन चालवायचे. उंच इमारती बांधतात तिथे मनोऱ्यासारखी क्रेन उभी असते ना, तिच्या टोकावरच्या काचेच्या खोपटात बसून त्यांनी उभा जन्म काढला होता. म्हणून साइटवर आणि कार्डांच्या दुकानातही त्यांना सगळे कप्तान म्हणत. डोक्यावरचे केस गेले, पोट पुढे आलं, तरी कप्तान ते कप्तानच. आणि बबडीचंही तसंच. ती रंगांच्या दुकानात गिऱ्हाइकाला हवी ती छटा घोटून द्यायची, तिच्या हाताखाली दोन माणसं होती, पण घरी आणि कार्डांच्या दुकानात ती बबडीच राहिली.

बापलेकींना कार्डांच्या खेळाचं वेड. प्रत्येकाची आपली एक गड्डी, गड्डीत प्राणी, योद्धे, मंत्र. कार्डावर वर चित्र आणि खाली बारीक अक्षरांत त्या कार्डाचा नियम. बबडी शाळेत असताना अक्षरओळख पक्की व्हावी म्हणून कप्तानांनी तिला ही कार्डं वाचायला बसवलं होतं आणि त्यापायी तेच खेळात असे रुतले की बायकोने हात टेकले. "एक मूल वाढवायला घेतलं होतं, दोन पदरात पडली," असं ती येईल त्या पाहुण्याला सांगायची.

नवी कार्डं निघाली की दुकानात स्पर्धा भरे. त्या दिवशी घरची गड्डी चालत नसे. दारात प्रत्येकाला बंद पाकिटं मिळत. ती फोडायची, निघेल त्यातून तिथेच गड्डी लावायची आणि खेळायला बसायचं. जुना असो की नवखा, सगळ्यांनाच सगळं नवं. पूर्वी कप्तान या दिवसाची वाट बघायचे, पण अलीकडे त्यांनी अंग काढून घेतलं होतं. एकदा पाठ धरली, एकदा साइटवर जादा काम निघालं. या खेपेला बबडीने विचारलंच नाही, दोघांची नावं देऊन मोकळी झाली.

"मला विचारायचं तरी," कप्तान म्हणाले.

"विचारलं असतं तर तुमची पाठ धरली असती."

त्यावर ते हसले, पण सकाळी बूट घालायला त्यांनी फार वेळ लावला.

दुकानाच्या मागच्या लांबट खोलीत टेबलं मांडली होती. ट्यूबलाइटचा पांढरा उजेड, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याची टाकी. दुकानाचे मालकच पंच. कप्तानांचा आणि त्यांचा जुना दोस्ताना होता. त्यांनी नियम सांगितले. गड्डी लावताना कोणी कोणाशी बोलायचं नाही, कार्डं एकमेकांना दाखवायची नाहीत.

पाकिटं फुटली. सगळे कार्ड डोळ्यांजवळ नेऊन वाचू लागले. बबडीने मान वर केली तर कप्तानांची गड्डी लावून झालीसुद्धा. लाल एकीकडे, हिरवी एकीकडे, पत्ते वाटावेत तशी भराभर कार्डं टाकून ते हात बांधून बसले होते.

"कप्तान वाचतसुद्धा नाहीत हो," शेजारचा एक नवखा कौतुकाने म्हणाला. बबडीलाही बरं वाटलं. बाबांचा हात अजून तसाच आहे, असं तिच्या मनात आलं.

पहिला डाव ती हरली, दुसरा जिंकली. कप्तान दोन्ही जिंकले. तिसऱ्याला ते पलीकडच्या रांगेत, एका बँकेतल्या कॅशियरसमोर बसले. कॅशियर मोजून मापून खेळणारा माणूस. समोरच्याने कार्ड टाकलं की तो ते स्वतःकडे ओढून घेऊन वाचायचा, मग सरळ ठेवायचा. बबडीचा डाव ऐन रंगात आला होता आणि तेवढ्यात तिला त्याचा आवाज ऐकू आला.

"मालक, जरा इकडे येता का?"

आवाज चढलेला नव्हता, पण आजूबाजूची टेबलं थांबली.

झालं होतं ते असं. कप्तानांकडे एक कार्ड होतं, हातात कंदील घेतलेली एक बाई. जुन्या कार्डांतही एक कंदीलवाली होती. ती टाकली की गड्डीतून दोन कार्डं फुकट उचलता यायची. ही नवी बाई दिसायला तिच्या बहिणीसारखी, तोच पिवळा उजेड, तसाच काळा पदर. पण हिचा नियम उलटा होता. आधी हातातली दोन कार्डं टाकून द्यायची, मगच दोन उचलायची. कप्तानांनी टाकलं काहीच नव्हतं, नुसती उचलली होती.

"चुकून झालं असेल," मालक म्हणाले. "नवं कार्ड आहे. कप्तान, दोन परत ठेव आणि खेळा पुढे."

"एकदा नाही," कॅशियर म्हणाला. "या डावात दुसऱ्यांदा केलं. पहिल्या वेळी मी बोललो नाही, मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय."

मग तो मघाचा नवखा चाचरत म्हणाला, "माझ्याशी खेळतानाही त्यांनी नुसतीच उचलली होती. मी विचारलं नाही. म्हटलं, कप्तानांना काय विचारायचं."

खोलीत कुजबुज सुरू झाली. बबडी खुर्ची मागे सारून तिथे आली. तिचे कान तापले होते.

"माझे बाबा असं करणार नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही सगळे ओळखता त्यांना."

"ओळखतो म्हणूनच विचारतोय," मालक म्हणाले. त्यांनी ते कार्ड उचलून कप्तानांच्या हातात दिलं. "अरे, वाचून दाखव. काय लिहिलंय ते मोठ्याने वाच. वाचताना गफलत झाली असेल तर इथेच उलगडा होईल."

कप्तानांनी कार्ड हातात घेतलं. समोर धरलं. मग हळूच थोडं डावीकडे नेलं आणि मान उजवीकडे वळवली, जणू कार्डाच्या मागे कोणी उभं आहे का ते बघताहेत. अंगठा अक्षरांवरून एकदा फिरला. बबडी त्यांच्या शेजारीच होती. त्यांचे डोळे कार्डावर नव्हतेच. ते कार्डाच्या कडेपलीकडे, टेबलाच्या पायापाशी कुठेतरी लागले होते.

दुधाच्या पिशवीवरचं नाव हल्ली ते तिला वाचायला सांगायचे. गाडी चालवणं त्यांनी सोडलं होतं, गुडघा दुखतो म्हणून. शेजारीण रस्त्यात भेटली तर ती बोलेपर्यंत ते ओळख द्यायचे नाहीत आणि आई म्हणायची, माणूस फार शिष्ट झालाय. सगळं एकदम तिच्यापुढे येऊन उभं राहिलं.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "सांगा ना त्यांना."

कप्तानांनी कार्ड टेबलावर पालथं ठेवलं.

"काय लिहिलंय ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "मी मुद्दाम केलं."

मालक त्यांच्याकडे बघत राहिले. "कप्तान, नीट विचार करून बोल. असं म्हणालास तर मला तुला बाहेर काढावं लागेल. आजच्यापुरतं नाही, कायमचं."

"मग काढ की. जिंकायचं होतं, लबाडी केली, सापडलो."

बबडीने तोंड उघडलं. टेबलाखाली कप्तानांनी तिचं मनगट धरलं आणि इतकं आवळलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कप्तान उठले, खुर्च्यांच्या पाठी चाचपत दारापर्यंत गेले. लोकांना वाटलं, शरमेने पाय लटपटताहेत. एकाने आपली गड्डी छातीशी ओढून घेतली, चोर जवळून जाताना घ्यावी तशी.

बसथांब्यावरच्या बाकावर ती दोघं बसली.

"कधीपासून?" बबडीने विचारलं.

"झालं वर्ष. मधोमध काही दिसत नाही. धुरकट डाग आहे. कडेकडेने दिसतं."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवलं तर तो लिहून देईल. मग वर चढू देतील का मला?"

"अजून वर जाता तुम्ही? असं असून?"

"क्रेनचं वेगळं असतं," कप्तान समजावणीच्या सुरात म्हणाले. "हाताला सगळं पाठ आहे. आणि खालून रेडिओ सांगतोच की, थोडं डावीकडे, थोडं खाली." रेडिओ हा त्यांचा जोडीदार. खाली उभं राहून दिवसभर वायरलेसवर इशारे द्यायचं त्याचं काम, म्हणून साइटवर त्याला हेच नाव पडलं होतं.

"त्याला माहीत आहे?"

"नाही."

"माल त्याच्या डोक्यावरून जातो, बाबा."

कप्तान म्हणाले, "लबाड म्हणाले ते चालेल. लबाड माणसाला काम मिळतं. आंधळ्याला कोण देणार?"

"तुम्हीच साइटवर सांगा. नाहीतर मला सांगावं लागेल."

"सोमवारी सांगतो," कप्तान म्हणाले. "वचन देतो."

घरी आल्यावर ते पडून राहिले. बबडीने स्वयंपाकघरात आईला गाठलं आणि दबक्या आवाजात सगळं सांगितलं. आई भांडी विसळत होती. तिचा हात थांबला नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"तुला माहीत आहे?"

"बाजूला निजणाऱ्या माणसाचं कळत नाही होय? मी बोलले नाही एवढंच. तूही बोलू नकोस. खाली बसवलंस तर तो मरेल."

"आणि वरून काही पडून दुसरं कोणी मेलं तर?"

आईने नळ मोठा सोडला. पुढचं काही बोलायचं नाही, असा त्याचा अर्थ होता.

सोमवारी कप्तान नेहमीसारखे डबा घेऊन गेले. बबडीने दुपारपर्यंत कळ काढली. पिवळ्याच्या जागी निळा घोटला, गिऱ्हाइकाची बोलणी खाल्ली आणि शेवटी रजा टाकून ती साइटकडे निघाली. दुरूनच तिला दिसलं, क्रेनचा हात हळूहळू फिरत होता. त्याला लोखंडी सळ्यांचा भारा लटकत होता आणि खाली माणसं काम करत होती. ती तिथेच फाटकापाशी उभी राहिली. अजून सांगायचं राहिलं असेल, जेवणाच्या सुट्टीत सांगणार असतील, असं तिने स्वतःला समजावून पाहिलं. तेवढ्यात भारा खाली येता येता हिसका बसून आडवा झाला. खालची माणसं पांगली आणि कोणीतरी शिवी हासडली. मग ती थांबली नाही. सरळ मुकादमाच्या पत्र्याच्या खोलीत गेली.

मुकादमाने तिचं अर्धंच बोलणं ऐकलं आणि वायरलेस उचलला. "कप्तान, भारा टेकव. मशीन बंद कर. खाली ये." त्याने कारण सांगितलं नाही.

उतरायला त्यांना खूप वेळ लागला. शिडी लांबलचक. प्रत्येक पायरी ते बुटाच्या टोकाने आधी चाचपत, मग त्यावर भार देत. खाली काम थांबलं होतं आणि सगळे माना वर करून बघत होते. वर्षभर ते असेच उतरत असतील, पण आज कशाकडे बघायचं ते लोकांना कळलं होतं.

खाली आल्यावर कप्तान घोळक्याकडे चालत आले. बबडी सगळ्यांत पुढे होती. ते तिच्यासमोर हातभर अंतरावर थांबले आणि तिच्या खांद्यावरून मागे बघत म्हणाले, "कोण आलंय? कशाला उतरवलंत मला?"

"बाबा, मी आहे," बबडी म्हणाली.

कप्तानांचा चेहरा हलला नाही. "तू होय," ते म्हणाले. मग डोक्यावरचं हेल्मेट काढून त्यांनी मुकादमाच्या दिशेने पुढे केलं. मुकादम जरा बाजूला होता, त्याला ते घ्यायला दोन पावलं यावं लागलं.

डॉक्टरने तपासलं आणि आधी यायला हवं होतं, असं म्हटलं. एका डोळ्याचं काही होण्यासारखं नव्हतं, दुसऱ्याचं जे उरलंय ते टिकवता येईल, एवढंच. बबडी कार्डांच्या दुकानात जाऊन मालकांना खरं काय ते सांगून आली. मालकांना फार लागलं. दुसऱ्या दिवशी कॅशियरला घेऊन ते घरी आले, तर कप्तान आतल्या खोलीतून बाहेर आलेच नाहीत. "त्यांना म्हणावं, मी लबाडच होतो," एवढं आईकडून कळवलं. मुलीशी तर ते बोलतच नव्हते. जेवताना भाजी हवी असली तरी आईला म्हणायचे, तिला वाढायला सांग.

त्याच आठवड्यात रेडिओ आला. हडकुळा, अबोल माणूस. दिवसभर बोलून बोलून घरी त्याला शब्दच उरत नाहीत, अशी साइटवर थट्टा चाले. कप्तान त्याच्यासाठी मात्र बाहेर आले आणि समोर बसले. आई चहा टाकायला गेली. बबडी दाराशी उभी राहिली.

रेडिओ गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. तो म्हणाला, "कप्तान, मागच्या महिन्यात गर्डर उचलला होता आपण. सोसाट्याचा वारा होता. माझ्या डोक्यावरून नेलात."

"हो."

"मी हात केला होता. थांबा म्हणून. वायरलेस बंद पडला होता, म्हणून हात केला. तुम्ही थांबलात."

"थांबलो."

"मला बघून थांबलात ना?"

कप्तानांनी मान खाली घातली. त्यांना हो म्हणता आलं असतं. तो माणूस त्यासाठीच आला होता, एवढं एक उत्तर घेऊन तो निवांत घरी गेला असता.

"नाही," कप्तान म्हणाले. "आवाज येईना म्हणून थांबलो. तू कुठे आहेस ते मला माहीत नव्हतं."

रेडिओने हळूहळू मान हलवली. आई चहा घेऊन आली तेव्हा तो दारात वाकून बूट घालत होता. त्याने नाड्या बांधल्या, बबडीकडे एकदा पाहिलं आणि जिना उतरून गेला. कप्तान त्याच खुर्चीत बसून राहिले, तो गेलाय की अजून समोर आहे, याचा कानोसा घेत.