चौकटीबाहेर राहिलेल्या वहिनी

सुट्टीच्या दिवशी छोटी दादाच्या फोटो स्टुडिओत यायची आणि मागच्या खोलीत बसून, तिनेच त्याच्यासाठी लिहिलेल्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमची डागडुजी करायची. त्या दिवशी पुढच्या काउंटरवर फ्रेम ठेवल्याचा आवाज झाला, मग एका बाईंचा आवाज आला.

"हा फोटो परत घ्या. एवढंच सांगा, आमच्या वहिनींना कापायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कापायला?" दादा म्हणाला. "ताई, असं कोण कशाला सांगेल?"

"घरातलंच कोणीतरी बोललं असणार. वहिनी तेच धरून बसल्यात. फोटो घरी आला त्या दिवसापासून धाकट्या जावेशी अबोला. दोघी एका स्वयंपाकघरात, आणि बोलतात फक्त भांडी."

छोटीने पडद्याआडून पाहिलं. फोटोत सगळे ओळीने उभे, हसरे. खाली सोनेरी अक्षरांत 'आमचं सगळं घर'. त्या अक्षरांची रुंदी-उंची मोजून त्यांना बरोबर मधोमध बसवणारी चौकट तिच्याच प्रोग्रॅमने आखली होती आणि तिला त्याचं कौतुकही होतं. डाव्या कडेला मात्र चाकाच्या खुर्चीचा एक हात दिसत होता, त्यावर कोणाची तरी बोटं, आणि तिथेच फोटो संपला होता.



प्रोग्रॅमचं काम साधं होतं. फोटोतला प्रत्येक चेहरा शोधायचा, त्याच्याभोवती चौकट आखायची, मग या सगळ्या चौकटींना पोटात घेणारी एक मोठी चौकट काढायची आणि बाहेरचं कापून टाकायचं. कॉम्प्युटरला जो चेहरा चेहरा वाटला नाही, तो गेला बाहेर.

आणि असे चेहरे असतात, हे छोटीला ठाऊक होतं. पक्षाघातानंतर तिच्या आत्याचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, मान कललेली राहायची. चाचणीसाठी छोटीने घरचेच फोटो घेतले होते, आणि आत्या असलेल्या प्रत्येक फोटोत चौकट चुकत होती. ती सुधारायची तर पुन्हा मुळापासून बसावं लागलं असतं. छोटीने आत्याचे फोटोच चाचणीतून काढून टाकले. मग एकही चूक निघाली नाही. "आमची पोर हुशार," म्हणत आत्यानेच तिच्या पाठीवरून हात फिरवला होता.

"चूक माझी, ताई," दादा हात जोडून म्हणत होता. "देण्याआधी मीच नीट बघायला हवं होतं. नवीन काढून देतो, सगळ्या प्रती."

"नवीन घेऊन काय करू? वहिनींच्या मनातून ते कसं काढू, ते सांगा."

छोटी पडदा सारून बाहेर आली. "मी येऊन सांगते त्यांना."

"तू गं काय सांगणार?" दादाने विचारलं.

"हे माझ्यामुळे झालंय, दादा."

दादा तिच्याकडे न बघता फ्रेमच्या काचेवरची नसलेली धूळ पुसत राहिला.

त्यांच्या घरी वहिनी खिडकीपाशी, मांडीवर ताट घेऊन एका हाताने शेंगा सोलत होत्या. स्टुडिओत आलेल्या नणंदेने ओळख करून दिली, "ही फोटोवाल्यांची बहीण."

"बस," वहिनी म्हणाल्या. एका बाजूला ओढलेल्या तोंडातून शब्द जड येत होते. "भावाला तोंड दाखवायची लाज, म्हणून तुला धाडलं होय?"

छोटीने लॅपटॉप उघडून चौकटींचं सगळं सांगितलं. वहिनींनी ऐकून घेतलं, पण पटल्यासारखं दिसलं नाही.

"म्हणजे यंत्राला मी दिसत नाही? काढ बघू माझा."

छोटीने दोघींचा फोटो काढला. लॅपटॉपच्या पडद्यावर नणंदेच्या तोंडाभोवती हिरवी चौकट उमटली. भिंतीवरच्या घड्याळाभोवतीही एक उमटली. वहिनींभोवती काहीच नाही.

"घड्याळ बसलं की गं चौकटीत," वहिनी अर्ध्या ओठांनी हसल्या. नणंदही हसली. "असू दे. ज्याने हे तोंड दिलं, तो तरी ओळखतो." मग त्यांनी छोटीकडे रोखून पाहिलं. "तुला हे आधी कळलं नव्हतं?"

'नव्हतं' म्हणणं फार सोपं होतं.

"कळलं होतं," छोटी म्हणाली. "माझी आत्या अशीच आहे. चौकट चुकत होती, म्हणून तिचे फोटो मी बाजूला काढले."  

वहिनींनी हातातली शेंग ताटात टाकली. मग नणंदेला म्हणाल्या, "धाकटीला हाक मार."

धाकटी जाऊ हात पुसत आली आणि दारातच थांबली.

"चुकले गं मी," वहिनी म्हणाल्या. "तू कोणाला काही सांगितलं नव्हतंस. मीच नको ते मनात धरलं."

जाऊ खुर्चीशेजारी जमिनीवर बसली आणि ताट स्वतःकडे ओढून म्हणाली, "बघा, निम्म्या किडक्या सोलल्यात. माझ्याशी बोलला असतात तर निवडून दिल्या नसत्या का?"

छोटीने लॅपटॉप मिटला. तिला कोणी रागावलं नाही, जा म्हणालं नाही, थांबही म्हणालं नाही. चेहरे, चौकटी, चाचण्या, सगळं तिने सांगितलं होतं. 'चुकले' एवढा शब्द तेवढा तिच्या तोंडून निघाला नव्हता. आणि जिला तो आधी सांगायचा, ती आत्या या वेळी घरी दार उघडं टाकून तिची वाट बघत बसलेली असणार.