कमरेचा नॅपकिन

वेंडेल प्रोहास्काच्या दारातला बर्फ हल्ली शेजारचा स्टॅन जाब्लोन्स्की काढायचा, आणि वेंडेलला त्याचीच धास्ती वाटायची. पहिले तीन हिवाळे स्टॅनने आपलं बर्फ उडवायचं मशीन कुंपणापर्यंत आणून इमानेइतबारे मागे वळवलं होतं. या वर्षी टोलेडोच्या अमेरिकन फुटबॉल संघाने वेंडेलच्या खेळावर सलग सहा सामने जिंकले, आणि मशीन कुंपण ओलांडून आलं.

"काय रे, टिकेल ना हे?" स्टॅनने मशीनच्या घरघराटातूनच ओरडून विचारलं.

"बघू या."

"बघू या काय, बघू या! रविवारी ओमाहाला हरवलं नाहीस ना, तर हा सगळा बर्फ परत आणून तुझ्या दारात टाकीन. जपून ठेवलाय मी!"

वेंडेल हसला आणि गाडीत बसला. गाडीत रेडिओवरचा माणूस तोच प्रश्न चघळत होता. पेट्रोल भरणारा तेच विचारायचा, चर्चमधले पाद्रीबाबा तेच विचारायचे, आणि सासूबाई तर फोनवर 'कसे आहात' म्हणायच्या आधी ते विचारायच्या. सगळ्या गावाने त्याला खांद्यावर घेतलं होतं, आणि खांद्यावर बसलेल्या माणसाला खालची जमीन जरा जास्तच लांब दिसते.

क्वार्टरबॅक म्हणजे दर डावाला बॉल हातात घेऊन तो फेकणारा किंवा पळणाऱ्याला देणारा गडी, आणि सदतीस वर्षांचा क्वार्टरबॅक या धंद्यात म्हातारा. त्यातून वेंडेलची सगळी कारकीर्द बाकावर गेलेली. पाच गावं, पाच संघ, आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्या नंबरचा क्वार्टरबॅक कोणीतरी दुसरा. टोलेडोत तो मान केड लिंडक्विस्टचा होता. चोवीस वर्षांचा, देखणा, दात टूथपेस्टच्या जाहिरातीतले. ऑक्टोबरात केडचा पाय मोडला. वेंडेल हेल्मेट चढवून मैदानात उतरला तेव्हा निम्मे प्रेक्षक गाडीच्या किल्ल्या चाचपत उठले होते. पुढे जे झालं ते त्यालाही धड कळलं नाही. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. वेंडेलला वाटायचं, आपल्या वाट्याचे चार कधीच संपलेत, हे कुणाचे तरी चुकून आपल्याकडे आलेत.

जिंकण्याचं खरं कारण मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याला कोणी ओळखत नव्हतं.

बाकावरच्या क्वार्टरबॅकचं काम बहुरूप्याचं. रविवारी ज्या संघाशी गाठ असेल, त्यांच्या क्वार्टरबॅकचं सोंग आठवडाभर सरावात घ्यायचं. तो चालतो तसं चालायचं, ओरडतो तसं ओरडायचं, फेकतो तसं फेकायचं. म्हणजे आपल्याच बचाव करणाऱ्या गड्यांना रविवारच्या माणसाची आधीच सवय होते. वेंडेलने असं अख्ख्या लीगचं सोंग घेतलं होतं. सोंग घेता घेता माणसाची खोड सापडते. एक जण फेकण्याआधी टाच उचलायचा, दुसरा ओठ चावायचा. वेंडेल ते कोचच्या कानावर घालायचा, आणि रविवारी तो बिचारा पाठीवर पडलेला दिसायचा. खोड सापडलेला माणूस फार दिवस टिकत नाही, हे वेंडेलइतकं कोणालाच माहीत नव्हतं. कित्येकांना त्यानेच टिकू दिलं नव्हतं.

आता दुसऱ्या गावात कोणीतरी वेंडेल प्रोहास्काचं सोंग घेत होतं. या आठवड्यात ओमाहात ते घेणारा माणूस होता अ‍ॅल्विन रू.

अ‍ॅल्विन त्याचा जिवाचा मित्र. लुईझियानाचा, बोलका, वयाने एक वर्ष धाकटा. टल्सामध्ये तीन मोसम दोघं एकाच बाकावर कुजले होते. तिथे एका दुपारी सगळ्यांना हसवायला म्हणून अ‍ॅल्विनने वेंडेलचंच सोंग घेतलं. कमरेला खोचलेल्या नॅपकिनला सावकाश तळवा पुसला आणि लांब बॉल फेकला. मग पुन्हा उभा राहिला, या वेळी हात पुसला नाही, बॉल पळणाऱ्या गड्याच्या हातात दिला. सगळी खोली खो खो हसली. वेंडेलही हसला, आणि हसता हसता त्याच्या लक्षात आलं. फेकायचा असेल तर तो हात पुसतो, नुसता द्यायचा असेल तर पुसत नाही. ज्याला हे कळलं त्याला पुढचा डाव आधीच कळला. ती खोड मोडायला त्याने महिनोन् महिने घालवले होते. मोडली असं समजून चालला होता.

सोमवारी त्याने जिंकलेल्या सामन्यांच्या फिती पाहिल्या. खोड जशीच्या तशी होती.

गुरुवारी संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याची बायको लोर्ना पिएरोगीच्या, म्हणजे सारण भरलेल्या पोलिश करंज्यांच्या, कडा बोटांनी दाबून बंद करत होती. फोन ओट्यावर पालथा पडला होता. टल्सा सुटल्यापासून दर गुरुवारी अ‍ॅल्विनचा फोन यायचा. एकही गुरुवार चुकला नव्हता, वेंडेलची आई गेली त्या दिवशीसुद्धा.

"आला का?"

"नाही," लोर्ना म्हणाली. "आणि सारखा उचलून बघू नकोस, तो चालू आहे. मी माझ्या बहिणीला लावून बघितला."

"त्याने सांगितलं असेल का गं त्यांना?"

"त्या नॅपकिनचं?"

वेंडेल चमकला. "तुला कसं माहीत?"

"अरे, बायको आहे मी तुझी. लग्नाचं विचारलंस तेव्हा आधी पँटला हात पुसलास. मी म्हटलं, चला, आता हा काहीतरी मोठं बोलणार. घर घेताना पुसलास. 'दोन वर्षांत बाकावरून उठतो' म्हणालास तेव्हा तर दोन्ही हात पुसले होतेस."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तू खेळत कुठे होतास?"

वेंडेलने फोन उलटून पाहिला आणि परत पालथा ठेवला. तिलाच ते जरा जास्तच लागट झाल्यासारखं वाटलं असावं, कारण तिने पिठाचाच हात त्याच्या गालावर ठेवला. "लाव तूच फोन. एवढा जीव टांगणीला लावून घेण्यापेक्षा विचारून मोकळा हो."

विचारायचं म्हणजे काय? सांगितलं नसेल तर सांगू नकोस, म्हणजे स्वतःच्या संघाशी बेइमानी कर, असंच ना? आणि त्याच्या मनात नसलंच, तर आपणच आठवण करून दिल्यासारखं. हात दाखवून अवलक्षण. इतकं सगळं कळत असूनही त्याने फोन लावला.

"बोल, म्हाताऱ्या," अ‍ॅल्विनने लगेच उचलला.

"आज तुझा आला नाही."

"हं. आईचा गुडघा बदलला. डॉक्टर म्हणतो चाला, ही म्हणते आधी तू चालून दाखव."

वेंडेल हसला. मग गुडघ्यांचं झालं, थंडीचं झालं, अ‍ॅल्विनच्या मुलीच्या नाटकाचं झालं. मग विषय संपले. आजवरच्या गुरुवारांत असं कधी झालं नव्हतं.

"अ‍ॅल..."

"विचारू नकोस, वेन." अ‍ॅल्विनचा आवाज एकदम खाली आला. "तू विचारलंस तर मला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. मग पुढच्या गुरुवारी आपण काय बोलणार?"

"बरं."

"झोप नीट. या वयात डोळ्यांखाली काळं आलं की जात नाही."

त्या उत्तराचा वेंडेलने दोन दिवस कीस पाडला. सांगितलं नसतं तर तो सरळ 'नाही' म्हणाला नसता का? आणि सांगितलं असतं तर इतक्या मायेने बोलला असता का? शनिवारी सरावात त्याने हात न पुसता बॉल फेकायचा प्रयत्न केला, तर बॉल हातातून साबणासारखा सुटला. मग दर डावाला हात पुसू लागला, तर वाकून पायांमधून मागे बॉल देणारा सेंटर ताविता, तीनशे पौंडांचा सामोअन गडी, वाकल्या वाकल्या करवादला, "अरे, पुसून झालं असेल तर बॉल देऊ का? माझी कंबर गेली!"

कोच हॅनरहन बाजूला उभे राहून बघत होते. त्यांच्या शेजारी केड लिंडक्विस्ट हळूहळू धावत होता. पाय बरा झाला होता.

"प्रोहास्का," कोचनी त्याला बाजूला घेतलं. "गावाला तू आवडतोस. मलाही आवडतोस. पण ही बाद फेरी आहे, हरलो की मोसम संपला. पहिल्या हाफमध्ये गडबड दिसली तर मी केडला उतरवीन. आणि एकदा तो उतरला की..."

"समजलं, कोच."

समजण्यासारखंच होतं. केड एकदा उतरला की वेंडेल पुन्हा बाकावर, आणि या वयाच्या माणसाला पुढच्या वर्षी बाकसुद्धा कोणी देत नाही.

रविवारी सरोवराकडून असा वारा सुटला होता की प्रेक्षकांची बियर ग्लासातच गोठत होती. वेंडेलने रात्रभर एक हुशारी योजून ठेवली होती. अ‍ॅल्विनने सांगितलंच असेल तर ओमाहावाले नॅपकिनकडे बघणार. मग आपण उलटं करायचं: द्यायचा असेल तेव्हा हात पुसायचा, फेकायचा असेल तेव्हा नाही. त्यांच्याच जाळ्यात त्यांना धरायचं.

पहिल्याच डावाला त्याने ऐटीत हात पुसला आणि बॉल पळणाऱ्याला दिला. ओमाहाचे गडी नॅपकिनला फसलेच नाहीत, पळणाऱ्याला जागेवर चेचलं. पुढच्या डावाला हात न पुसता फेकला, तर गारठलेल्या बोटांतून बॉल वाकडातिकडा गेला आणि ओमाहाच्या माणसाने अलगद झेलला. पुन्हा पुसला, पुन्हा दिला, पुन्हा तेच. तो त्यांच्या डोळ्यांकडे बघू लागला: हे बघतायत का? बघत नाहीयेत का? की बघूनही न बघितल्यासारखं करतायत? त्या नादात आपले गडी कुठे पळतायत हेच त्याला दिसेना. दोनदा तो बॉलसकट आडवा झाला. हाफला टोलेडो तेरा गुणांनी मागे होतं, आणि ज्या गावाने त्याला खांद्यावर घेतलं होतं ते त्याची हुर्यो उडवत होतं. त्यात स्टॅनचा आवाज आपल्याला ओळखू आला, असं त्याला वाटलं.

खोलीत कोचनी आवाजसुद्धा चढवला नाही. "एक संधी देतो. पहिल्यांदा बॉल आपल्याकडे येईल तेवढीच. मग केड." केड कोपऱ्यात बसून बुटाची नाडी बांधत होता आणि वेंडेलची नजर टाळत होता. पोरगं वाईट नव्हतं.

बोगद्यातून बाहेर येताना वेंडेलने कमरेचा नॅपकिन उपसला आणि ताविताच्या हातात कोंबला.

"हे काय?"

"तुझ्याकडे ठेव. मी मागितला तरी देऊ नकोस."

"सुटलो बुवा," ताविता म्हणाला.

मग वेंडेलने विचार करायचंच सोडलं. काय व्हायचं ते होवो. बॉल आला, त्याने आपला गडी कडेने निसटताना पाहिला, हात कशाला तरी पुसला आणि फेकला. बॉल गेला तो गेलाच. टचडाउन, एका झटक्यात सहा गुण. केडने हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. पुढचा जवळजवळ तास वेंडेल तसाच खेळला, शाळेच्या मैदानावर खेळायचा तसा, आणि शेवटच्या मिनिटाला टोलेडो एका गुणाने जिंकलं. लोक रडत होते. ताविताने त्याला उचलून घेतलं.

त्या गर्दीतून अ‍ॅल्विन वाट काढत आला, कोरड्या ठणठणीत कपड्यांत, मातीचा एक डागही नसलेला. दोघांनी मिठी मारली.

"तू सांगितलं नाहीस," वेंडेल म्हणाला. "अ‍ॅल, मी तुझ्यावर भलताच संशय..."

"सोमवारीच सांगितलं," अ‍ॅल्विन म्हणाला.

वेंडेलने मिठी सोडली.

"सकाळी पहिली गोष्ट तीच. पोटाचा धंदा आहे माझा, वेन. तूही हेच केलं असतंस. आठवडाभर नॅपकिन खोचून तुझं सोंग केलं. दिवसातून शंभरदा ओरडलो, 'पुसला की फेकणार, पुसला की फेकणार!'"

"मग?"

"मग बचावाचे कोच म्हणाले, 'रू, तू शेवटचा सामना कधी खेळला होतास रे?' सगळी खोली हसली." अ‍ॅल्विनने स्वतःच्या स्वच्छ बुटांकडे पाहिलं. "दुसऱ्या हाफमध्ये तू दरवेळी पँटला हात पुसून फेकत होतास. दरवेळी! मी बाकावरून घसा फोडून ओरडत होतो. एकाने मान वळवली नाही. बाकावरच्या माणसाचं कोण ऐकतं, तुला वेगळं सांगायला नको."

नको होतं. वेंडेलला आधी सुटल्यासारखं वाटलं, मग त्या सुटकेची मित्रापुढे लाज वाटली, आणि मग विचार जरा पुढे गेल्यावर त्याची पाचावर धारण बसली.

"उद्या?"

"उद्या सकाळी तेच बोलावतील मला. 'रू, काय म्हणत होतास तू?' आता ऐकतील." अ‍ॅल्विनने त्याचा खांदा दाबला. "पुढची गाठ अल्बुकर्कीशी ना तुमची? त्यांचे कोच आमच्या कोचचे साडू. जा, तुझी वाट बघतायत. गुरुवारी फोन करतो."

पत्रकारांच्या खोलीत दिव्यांचा उजेड डोळ्यांत जात होता. मागे दाराशी लोर्ना उभी होती, रडून नाक लाल झालेली. स्टॅनही कसा कोण जाणे आत घुसला होता आणि टाळ्या पिटत होता. पुढच्या रांगेतल्या बाईने पहिलाच प्रश्न तो विचारला.

"वेंडेल, टिकेल का हे?"

कॅमेरे त्याच्या चेहऱ्यावर होते. उजवा तळवा आपला आपण कमरेकडे गेला, मांडीवरून सावकाश खाली घासला, आणि हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

"टिकेल," तो म्हणाला, आणि दाराशी उभ्या असलेल्या लोर्नाने मान खाली घातली.