हातभर दोरीची लेन्स

सकाळच्या चहाच्या टेबलावर, कापसाच्या पट्टीवर, डोळे ओळीने मांडलेले होते आणि ते सगळेच्या सगळे बाईंच्या टोस्टकडे टक लावून बघत होते. तपकिरी, करडे, घारे, एक निळा. बाईंना त्याचं काही वाटत नव्हतं; ते त्यांनीच घडवलेले होते. त्यांचं डोकं उठलं होतं ते डोळ्यांच्या पलीकडे, कॅमेऱ्यावर वाकून बसलेल्या नवऱ्यामुळे.

“साठ मिलिमीटरची हलकी पडेल,” नवरा म्हणाला. “शंभरची सगळेच घेतात. पण सगळे घेतात म्हणून आपणही घ्यायची का? आणि एकशेऐंशीची म्हणजे तोफच.”

“अहो, महिना झाला याला. लेन्स शोधताय की जावई?”

“जावई परवडला असता. त्याची इतकी माहिती छापून येत नाही.”

बाईंनी टोस्ट चहात बुडवला, आणि तो अर्धा तुटून कपातच राहिला. त्या दिवशी सगळंच तसं चाललं होतं.

बाई कृत्रिम डोळे बनवायच्या. लोक अजून काचेचा डोळा म्हणतात, पण काच कधीच मागे पडली. आता प्लास्टिकचं कवच असतं, बदामाच्या सालासारखं वाकलेलं. त्यावर बाई केसाएवढ्या कुंचल्याने बुबुळ रंगवायच्या, पांढऱ्यावर शिरांसाठी लाल रेशमाचे धागे चिकटवायच्या आणि नवरा ते घासूनपुसून असं चकचकीत करायचा की ओलं वाटावं. ज्याचा डोळा, तो माणूस समोरच्या खुर्चीत बसे. बाई त्याच्या चांगल्या डोळ्यात बघत आणि रंगवत. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. खारू येईपर्यंत.

खारू म्हणजे सहा वर्षांची पोर. कुठल्याच खुर्चीवर टिकत नाही म्हणून तिच्या मामाने ठेवलेलं हे नाव. अगदी तान्ही असताना आजारात तिचा उजवा डोळा गेला. दवाखान्यांनी तिला एक गोष्ट पक्की शिकवली होती: मोठ्या माणसाचं तोंड जवळ आलं की पाठोपाठ काहीतरी दुखतं. त्यामुळे कुणी हाताच्या अंतरात आलं की ती उरलेला डोळा असा गच्च मिटायची की वाटावं, शिवून टाकलाय. मागच्या खेपेला बाईंनी लांबूनच, अंदाजाने रंगवून दिला होता. डोळा सुरेख झाला, पण दुसऱ्याच कुणाचा तरी झाला. खारू त्याला ‘पाहुणा’ म्हणायची. तेव्हापासून फोटो काढताना ती उजवा गाल भिंतीला लावून उभी राही, वर्गातही भिंतीकडेची जागा सोडत नसे. हे मामानेच सांगितलं होतं, हसत हसत. बाईंना ते हसू दिवसभर टोचत राहिलं.

आता पोर वाढली होती आणि पाहुणा ढिला झाला होता. त्यातून तिच्या बापाची बदली झालेली, सोमवारी सामानाचा ट्रक निघणार. मधे तिला आणायला मामाला एकच गुरुवार मोकळा होता. ह्याही वेळी पाहुणाच निघाला, तर ती नव्या गावात, नव्या शाळेत पहिल्याच दिवशी भिंत शोधणार.

म्हणून ह्या खेपेला तिच्या चांगल्या डोळ्याचा फोटो काढून त्यावरून रंगवायचं ठरलं होतं. फोनने भागलं नव्हतं. जवळ नेला की धूसर, आणि तपकिरी रंगाची तो वीट करायचा. मुलाने नवा कॅमेरा घेतल्यावर जुना घरी टाकला होता, तेव्हा हवी होती फक्त जवळचं टिपणारी लेन्स. एवढं साधं काम बाईंनी नवऱ्यावर सोपवलं आणि नवऱ्याने त्याचा कीस पाडला. दुकानदाराने भलेपणाने तिन्ही लेन्स आळीपाळीने वापरायला दिल्या, तर ह्याने कपाटातले सगळे नमुन्याचे डोळे बाहेर काढून त्यांची परीक्षाच घेतली. खिडकीजवळ, दिव्याखाली, बशीत, काळ्या कापडावर. स्टँड लावून, श्वास रोखून.

साठचीने टिपलेल्या फोटोत रेशमाच्या धाग्याचा पीळसुद्धा दिसत होता.

“बघा,” बाई म्हणाल्या. “आता आणखी काय हवंय तुम्हाला? डोळा बोलायला हवाय?”

“शंभरचीतही जवळजवळ एवढंच दिसतं,” नवरा म्हणाला. “म्हणजे प्रश्न उरतोच.”

बुधवारी त्या त्याला दंडाला धरून दुकानात घेऊन गेल्या. दुकानदार त्याला बघून स्टुलावरून उठलाच नाही. उलट आणखी आरामात बसला. बराच वेळ जाणार हे त्याला माहीत होतं.

“काका, ठरलं?”

“ठरतंय,” नवरा म्हणाला. “एक शंका होती. ह्या साठचीत कडेला जरा...”

“साठचीच द्या,” बाई म्हणाल्या.

“काकू, घाई नाही. कशाचे फोटो काढायचेत तुम्हाला?”

“डोळ्यांचे. महिनाभर डोळ्यांचेच काढतोय आम्ही.”

“अगं पण...” नवऱ्याने बोट वर केलं.

“तुमचं ‘अगं पण’ मी घरी ऐकेन. बांधा हो ती.”

ज्या घरात डोळा म्हणजे कापसावर ठेवायची वस्तू, त्याच घरात अशी चूक होऊ शकते. दोघांपैकी कुणालाही, एकदाही, सुचलं नाही की खरा डोळा बघतो.

गुरुवारी मामा खारूला घेऊन आला. बाईंनी दिवा लावला, कॅमेरा हातात घेतला आणि पुढे सरकल्या. साठची लेन्स गुणी होती, पण बुबुळ मोठं दिसायचं तर तिला डोळ्यापासून चार बोटांवर न्यावं लागे. बशीतल्या डोळ्यांनी ह्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. खारूने मात्र ती काळी नळी येताना बघितली, आणि पुढच्या क्षणी खुर्ची रिकामी होती.

“बाहेर ये गं,” मामा टेबलाखाली वाकून म्हणाला. “काही करत नाही त्या. फोटो तर काढायचाय.”

“त्या दवाखान्यातल्या बाईपण असंच म्हणाल्या होत्या.”

समजूत, दटावणी, चॉकलेट. तासाभराच्या झटापटीनंतर पापण्यांचे उत्तम फोटो जमले. एकेक पापणी मोजून घ्यावी. एकाच फोटोत डोळा उघडा होता. त्यात दिव्याने बाहुली टाचणीएवढी झालेली, आणि अख्ख्या बुबुळावर लेन्सचं काळं भोक आणि तिला धरलेली बाईंची बोटं चकाकत होती.

बाईंनी कॅमेरा खाली ठेवला. रडू येईल इतका राग आला होता आणि तो ठेवायला जागा सापडत नव्हती. मग नेहमीची जागा सापडली.

“दुकानात तुम्ही काहीतरी म्हणत होतात. हेच ना? अंतराचं?”

नवऱ्याने डोकं खाजवलं. “नाही गं. लेन्सबरोबर पिशवी फुकट मिळते का, ते विचारत होतो.”

निदान त्याला कळलं होतं असं असतं, तर नीट भांडता तरी आलं असतं.

तेवढ्यात टेबलाखालून आवाज आला. “मावशी, तू बस ना खुर्चीत. मी काढते तुझा.”

मामा ‘नको, पडेल’ म्हणेपर्यंत बाईंनी कॅमेऱ्याचा पट्टा तिच्या गळ्यात अडकवलाही होता. आता पडला तर पडला. त्या खुर्चीत बसल्या. खारू दोन्ही हातांनी कॅमेरा धरून आली आणि येतच राहिली. ती काळी नळी मोठी मोठी होत गेली, तिच्या तोंडापलीकडे दुसरं काही दिसेना, आणि आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांत नाक खुपसून बसलेल्या बाईंनी फटकन डोळे मिटले.

“मिटू नको ना!” खारू वैतागून म्हणाली. अगदी बाईंच्याच सुरात. “काही करत नाहीये मी!”

मामा हसला. बाई हसल्या नाहीत. मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी विचारलं, “कुठे थांबलं तर मिटणार नाहीत गं डोळे?”

“कुणाचे? तुझे?”

“तुझे.”

खारूने हे गांभीर्याने घेतलं. दप्तरातून खडू काढला. बाईंना उठवून स्वतः खुर्चीत बसली, हात पुढे ताणला आणि मामाला म्हणाली, “माझं बोट संपतं तिथे रेघ मार. खाली. तिच्या पुढे यायचं नाही. तोंडपण नाही, कॅमेरापण नाही.”

रेघ मारली गेली. नवरा कितीतरी वेळ त्या रेघेकडे बघत उभा राहिला. मग त्याने पार्सलच्या दोरीचा गुंडा आणला, एक टोक खारूच्या हातात दिलं, ते तिने स्वतःच्या गालाशी धरलं; दुसरं टोक रेघेवर आणून त्याने दोरी कापली. साठची लेन्स खोक्यात घातली आणि चपला अडकवून बाहेर पडला. लग्नानंतर पहिल्यांदाच तो काही न विचारता कुठे निघाला होता.

दुकानात काय झालं, ते त्याने नंतर सांगितलं. दुकानदार डबा उघडून बसला होता. नवऱ्याने काउंटरवर दोरी ठेवली. “एवढ्या दोरीची लेन्स द्या.”

“म्हणजे?”

“ह्या टोकाला डोळा, त्या टोकाला लेन्सचं तोंड. मधे काही येता कामा नये.”

दुकानदाराने दोरी उचलली, ताणली आणि घास गिळून म्हणाला, “मग एकशेऐंशीचीच. आकडा मोठा तितकं लांबून टिपते. आणि एवढ्या लांबून अगदी पुरता मोठा नाही यायचा, निम्माच येईल. चालेल? आणि हे तुम्ही महिन्यापूर्वी का नाही सांगितलंत, काका?”

“महिन्यापूर्वी रेघ नव्हती.”

तोफ स्टँडवर चढली. दिवा बंद केला, खुर्ची खिडकीकडे वळवली. लेन्सचं तोंड बरोबर रेघेवर. खारूने ओणवून दोनदा तपासलं, मग सरळ बसली आणि डोळा उघडा ठेवला. जरा शंकेखोर, पण उघडा.

फोटो संगणकावर मोठा केला तेव्हा बाईंनी चष्मा पुसला. त्यांनी मागच्या वेळी रंगवलं होतं ते सरळ तपकिरी. हा तपकिरी नव्हताच. कडेला ढगासारखी करडी पट्टी, आत सुकलेल्या पानाचा रंग, आणि खाली, नाकाच्या बाजूला, मधाचा थेंब सांडावा तसा एक ठिपका.

“हा कोण?” खारूने ठिपक्यावर बोट ठेवलं.

“हा तुझाच. मला दिसलाच नव्हता.”

“मलापण नव्हता दिसला,” खारू म्हणाली. हे बाईंना माफ केल्यासारखं होतं की नुसतं सांगणं, ते कळायला मार्ग नव्हता.

नव्या डोळ्यात ठिपका घालायचा का, यावर घरात पुढचे दिवस जुंपली. नवरा म्हणे, दोन्ही डोळ्यांत ठिपका कुणाला असतो? बाई म्हणत, ह्या पोरीला असेल. शेवटी त्यांनी तो घातला. नाकाच्याच बाजूला, पण किंचित फिका, म्हणजे भावंडासारखा.

सोमवारी ट्रक गल्लीच्या तोंडाशी उभा करून मामा तिला घेऊन आला. खारूने डावा डोळा गच्च मिटून घेतला, बाईंनी पाहुणा काढला, नवा बसवला, हातात आरसा दिला. खारूने आरसा जवळ नेला. आणखी जवळ. नाक काचेला टेकलं.

मग तिने आरसा खाली ठेवला आणि कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. “फोटो.”

नवऱ्याने पाठीमागच्या भिंतीकडे खुर्ची ओढली. तिला तीच जागा लागते हे त्याला माहीत होतं. पण खारू खुर्चीकडे गेलीच नाही. ती सरळ पुढे आली, पुसट झालेल्या खडूच्या रेघेवर आली, रेघ ओलांडून आली आणि लेन्सच्या तोंडाशी चार बोटांवर उभी राहिली. दोन्ही डोळे टक्क उघडे.

“इथून काढ.”

“अगं, मागे हो,” कॅमेऱ्यामागून बाई म्हणाल्या. “ह्या लेन्सला एवढ्या जवळचं दिसत नाही.”

“नाही. जवळूनच.”

लेन्स आतल्या आत घरघरत मागेपुढे झाली आणि तिने हात टेकले. पडद्यावर नुसता उजेड आणि दोन तपकिरी डाग.

“ह्याच्यासाठी खरं म्हणजे साठचीच हवी होती,” पाठीमागून नवरा म्हणाला. “मी तेव्हा...”

“अहो, तुम्ही एक शब्द बोलू नका,” बाई म्हणाल्या, आणि तसंच बटण दाबलं.